आजोबांच्या शाळेच्या नोंदीपासून प्रवेशापर्यंत: बारावीनंतर लागणारे दाखले कसे, कुठे आणि कधी काढायचे

निकाल लागला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेरचा बाक सकाळपासून भरलेला असतो. वडिलांच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशन कार्ड, आधार, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि घडी पडून फाटायला आलेला एखादा सातबारा. प्रश्न ठरलेला असतो, ‘सर, व्हॅलिडिटी किती दिवसांत मिळेल?’ व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधता, जात प्रमाणपत्र पडताळून खरे ठरल्याचा समितीचा दाखला. मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला शिकवतो. या प्रश्नाचे खरे उत्तर जूनमध्ये देताना दरवर्षी जीव कासावीस होतो, कारण ते काम वर्षभर आधी सुरू व्हायला हवे असते. एका मुलीचे सीईटीचे गुण उत्तम होते, जात प्रमाणपत्र होते, वैधताही होती. नॉन क्रिमीलेयर, म्हणजे घर सधन (उन्नत) गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, मात्र ३१ मार्चला संपलेले, आणि ही गोष्ट घरात कोणाच्याच लक्षात आली नव्हती. नवे हातात पडेपर्यंत तिला खुल्या प्रवर्गात मोजले गेले आणि हवे ते महाविद्यालय गेले.

शासन सूचना देत नाही असे नाही. सूचना भरपूर असतात, पण विखुरलेल्या. महसूल विभागाच्या वेगळ्या, सामाजिक न्याय विभागाच्या वेगळ्या, सीईटी कक्षाच्या वेगळ्या. प्रत्येक जण आपापला तुकडा सांगतो. ते तुकडे तारखांच्या हिशेबाने जुळवण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते. माझी पद्धत एकच आहे: प्रवेशाच्या दिवसापासून उलटे मोजत यायचे. कोणता कागद दुसऱ्या कोणत्या कागदावर उभा आहे ते पाहायचे आणि सर्वांत तळाच्या कागदापासून सुरुवात करायची.

नियम नेमका कुठे लिहिलेला असतो

सर्वांत वर कायदा. जात प्रमाणपत्र देणे आणि त्याची पडताळणी यासाठी महाराष्ट्राचा २००० सालचा अधिनियम आहे (२००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३). त्याखाली नियम आहेत, अनुसूचित जमातींसाठी २००३ चे आणि बाकीच्या मागास प्रवर्गांसाठी २०१२ चे. मग येतात शासन निर्णय, ज्यांना सगळे जीआर म्हणतात. आणि शेवटी त्या त्या वर्षाची, त्या त्या अभ्यासक्रमाची माहिती पुस्तिका, जी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपला सीईटी सेल, आपल्या संकेतस्थळावर टाकतो. कोणत्या तारखेपर्यंत कोणता मूळ कागद दाखवायचा, हे ठरते ते या पुस्तिकेत. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाला काय चालले, हा पुरावा नाही. यंदाची पुस्तिका आली की कागदपत्रांची पाने छापून घ्या आणि पेनाने खुणा करत वाचा.

व्हॉट्सअपवर जीआरचा फोटो आला तर आधी त्याचा संकेतांक शोधा. तो अठरा आकडी असतो. त्यातले पहिले आठ आकडे सहसा वर्ष, महिना, दिवस असे असतात, म्हणजे १५ जून २०२३ चा निर्णय २०२३०६१५ ने सुरू होईल. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर हा संकेतांक टाकून मूळ प्रत उतरवून घ्या. फोटोत दुसरे पान नसते, आणि अट बहुतेक वेळा दुसऱ्या पानावर असते.

जीआर वाचताना घाबरू नका. वर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ खाली आधीच्या निर्णयांची यादी असते. ‘प्रस्तावना’ हा निर्णय का काढला ते सांगते. खरा नियम ‘शासन निर्णय’ या मथळ्याखाली सुरू होतो. काही शब्दांवर बोट ठेवून थांबा. ‘अधिक्रमित’ म्हणजे जुना निर्णय बाजूला सारून हा नवा आणला. ‘शुद्धिपत्रक’ म्हणजे आधीच्यात चूक होती, ती दुरुस्त केली. आणि ‘सन अमुक-तमुक या शैक्षणिक वर्षापुरते’ हे शब्द दिसले तर ती सवलत त्या एकाच वर्षाची आहे. वैधता प्रमाणपत्राच्या बाबतीत नेमके इथेच लोक फसतात. काही वर्षी शासनाने अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन वैधता आणायला पुढे काही महिने मुदत दिली. ती सवलत त्या त्या वर्षापुरती होती. यंदाही मिळेल या भरवशावर राहिलेली मुले मी पाहिली आहेत. मुदतीत वैधता आली नाही तर आरक्षणातला प्रवेश टिकत नाही.

कोणाला कोणता कागद

वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाइल, सर्वांनी काढून ठेवावे. ते एकदाच काढायचे असते.

अनुसूचित जाती व जमातीच्या मुलांना जात प्रमाणपत्र आणि जात वैधता लागते, नॉन क्रिमीलेयर लागत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास वर्ग, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना तिन्ही लागतात: जात, वैधता, नॉन क्रिमीलेयर. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ईडब्ल्यूएसचे पात्रता प्रमाणपत्र. आणि उत्पन्नाचा दाखला जवळजवळ सर्वांनाच उपयोगी, कारण शुल्काच्या सवलती त्यावर आहेत. मुलींच्या पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. केवळ दाखला नाही म्हणून हजारो रुपये भरणारी घरे आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगतो.

आता तारखा. डोमिसाइल, जात आणि वैधता ही तीन कामे एकदाच होतात, म्हणून ती अकरावीतच सुरू करायची. उत्पन्न, नॉन क्रिमीलेयर आणि ईडब्ल्यूएस हे आर्थिक वर्षाशी बांधलेले असतात, म्हणून ते सहसा १ एप्रिलनंतरचे लागतात. जानेवारीत काढलेले नॉन क्रिमीलेयर एका वर्षाचेच असेल तर ३१ मार्चला संपते. त्याची मुदत एक ते तीन वर्षांची असू शकते, तेव्हा हातात पडल्या पडल्या खालची ‘या दिनांकापर्यंत वैध’ ही ओळ वाचा.

सर्वांत तळाचा कागद: वाडवडिलांची नोंद

इथे घाई चालत नाही. जात सिद्ध करायची तर ठरलेल्या तारखेपूर्वीचा पुरावा लागतो, आणि ती तारीख प्रवर्गागणिक वेगळी आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या दिवशी तुमचे वडील, आजोबा किंवा पणजोबा कुठे राहत होते आणि त्यांची जात कुठे लिहिलेली आहे, हा शोध आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आजोबांची प्राथमिक शाळा. शाळेत जनरल रजिस्टर असते. आमच्या एका विद्यार्थ्याबरोबर मी त्याच्या मूळ गावी गेलो होतो. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून कापडात बांधलेले रजिस्टर काढले. पाने पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. आजोबांचे शाळेतले साल १९५८. आम्ही आडनावाने शोधत होतो आणि नाव सापडत नव्हते. मुलाचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी ‘कर’ असलेले. दुपारपर्यंत पाने उलटली. मग मुलाच्या वडिलांनी एका ओळीवर बोट ठेवले. आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, आणि आडनावाच्या जागी नुसते ‘सुतार’. पुढच्या रकान्यात ‘हिंदू सुतार’. वडील बराच वेळ ते बोट उचलेनात.

आता अडचण अशी की रजिस्टरमधला ‘सुतार’ आणि या मुलाचे आजोबा एकच हे दाखवायचे कसे? उत्तर तलाठी कार्यालयात मिळाले. आजोबा वारल्यावर जमिनीला वारस लागले, त्या फेरफारात ‘मयत’ म्हणून आजोबांचे जुने नाव आणि वारस म्हणून वडिलांचे नव्या आडनावासह नाव एकाच नोंदीत होते. जुने आणि नवे आडनाव जोडणारा असा एक कागद प्रत्येक घरात कुठे ना कुठे असतो. फेरफार, जुने रेशन कार्ड, खरेदीखत, नोकरीचे सेवापुस्तक. तो शोधा.

शाळेकडून घ्यायचा तो ‘प्रवेश निर्गम उतारा’. त्यावर मुख्याध्यापकांची सही, शिक्का, जावक क्रमांक आणि रजिस्टरमधला अनुक्रमांक असलाच पाहिजे. त्या मूळ पानाचा मोबाइलवर स्वच्छ फोटोही काढून ठेवा. पडताळणीत दक्षता पथक त्याच शाळेत जाऊन तेच पान पाहू शकते.

आजोबा शाळेतच गेले नसतील तर? बहुतेक लोक इथे हात टेकतात, आणि तिथे टेकायचे कारण नसते. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ असतो, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात आजोबांच्या भावाबहिणींच्या जन्माची नोंद जातीसह सापडू शकते. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक पाहतात. आणखी मागच्या नोंदी मोडीत असतात. मोडी जाणणाऱ्या अधिकृत वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ नकलेबरोबर जोडा. नोंद तुमच्या थेट आजोबांचीच हवी असेही नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली, म्हणजे आजोबांचा सख्खा भाऊ, आत्या, काका यांची चालते. फक्त वंशावळीत ती व्यक्ती कुठे बसते ते स्पष्ट हवे. आईकडची नोंद इथे सहसा कामी येत नाही.

वंशावळ कागदावर झाडासारखी काढा, पणजोबांपासून खाली, आणि सर्व भाऊ-बहिणी घ्या, केवळ कागद असलेलेच नव्हे. एक नाव आज सोडले आणि उद्या समितीपुढे निघाले की त्यावर प्रश्न विचारला जातो.

जात प्रमाणपत्र: कोणत्या गावाहून

हे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, देतात. अर्ज आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा सेवा केंद्रातून जातो. पण कुठल्या प्रांताकडे? तुम्ही आज पुण्यात किंवा ठाण्यात राहत असलात तरी वाडवडील त्या ठरलेल्या तारखेला जिथले रहिवासी होते तिथल्या उपविभागाकडे. वाशिमहून येऊन पिंपरीत स्थायिक झालेल्या कुटुंबाने वाशिमकडेच जायचे. शहरातून अर्ज करून महिनाभराने ‘कार्यक्षेत्र नाही’ असा शेरा घेऊन परतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. लग्न झालेल्या मुलीची जात तिच्या वडिलांच्या कागदांवरूनच ठरते, नवऱ्याच्या नव्हे.

जातीचे नाव शासनाच्या यादीत जसे लिहिले आहे तसेच लिहा. यादीत अनुक्रमांक असतो, तोही टिपून ठेवा. रजिस्टरमध्ये पोटजात असेल आणि ती यादीत मुख्य जातीसमोर तत्सम म्हणून दिलेली असेल तर यादीचे ते पान अर्जाला जोडा.

नावातला फरक इथेच मिटवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे, जन्मदाखल्यावर तिसरे असेल तर पुढच्या प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न येणार. मुलगा शाळेत असेपर्यंत शाळेतली दुरुस्ती त्या मानाने सोपी जाते, शाळा सोडल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीपर्यंत जावे लागते. म्हणून नववीतच एकदा सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.

पडताळणी: अकरावीत अर्ज, बारावीत हातात

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात खोट्या दाखल्यांना आळा घालण्यासाठी पडताळणी समित्यांची रीत घालून दिली, आजची व्यवस्था त्यातून आली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती आहे. अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या तपासणी समित्या आहेत, त्या आदिवासी विकास विभागाकडे येतात. ज्या जिल्ह्यातून जात प्रमाणपत्र निघाले त्याच जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करायचा. जिल्हा समित्यांचा ऑनलाइन अर्ज बार्टीच्या, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या, संकेतस्थळावर भरतात.

विद्यार्थ्यांचा अर्ज नमुना १६ मध्ये असतो. त्याबरोबर दोन शपथपत्रे: नमुना ३, ज्यात वंशावळ येते, आणि नमुना १७, ज्यात जोडलेले कागद खरे असल्याचे सांगायचे असते. शिवाय महाविद्यालयाचे पत्र, ज्याला सगळे ‘पंधरा-ए’ म्हणतात. विज्ञान शाखेच्या मुलांना आम्ही हे पत्र अकरावीचा प्रवेश पक्का झाला की देतो. तुमच्या महाविद्यालयात कोणी स्वतःहून सांगितले नाही तरी तुम्ही जाऊन मागा.

जोडायचे कागद: मुलाचा, वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला किंवा उतारा, जुना महसुली पुरावा, आडनाव जोडणारा कागद. आणि घरात कोणाकडे वैधता असेल तर तिची प्रत. वडील, सख्खा काका, आत्या, सख्खे भावंड यांच्यापैकी एकाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर तुमचे निम्मे काम झालेले असते. चुलत्यांशी बोलणे नसेल तर या निमित्ताने बोला. एका कुटुंबात काकांची वैधता कपाटात होती आणि पुतण्या दोन वर्षे जुन्या नोंदी शोधत फिरत होता.

ऑनलाइन भरले म्हणजे झाले असे नाही. अर्जाची छापील प्रत आणि साक्षांकित कागद समितीकडे पोहोचवून पोच घ्यायची. पुढे समितीला काही कमी वाटले तर त्रुटी कळवली जाते, आणि ती नोंदवलेल्या मोबाइलवर व ईमेलवर येते. इथे एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. आमच्या एका मुलाचा अर्ज केंद्रचालकाने स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकून भरला. ऑक्टोबरमध्ये त्रुटी आली, ती घरच्यांना मार्चमध्ये कळली. पाच महिने फुकट गेले. केंद्रात बसलात तरी खाते स्वतःच्या नंबरवर उघडा, पासवर्ड स्वतः लिहून घ्या, आणि दर पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती पाहा.

समितीचे समाधान झाले नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडे जाते. ते गावात जातात, शाळा पाहतात, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. कुलदैवत कोणते, सोयरिकी कोणत्या गावांत, पारंपरिक धंदा कोणता असे विचारतात. आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा की असे कोणी येईल आणि आहे ते खरे सांगा. पथकाचा अहवाल विरोधात गेला तर समिती नोटीस देते आणि तुमचे म्हणणे ऐकते. ती तारीख चुकवू नका.

एप्रिलची कामे

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळतो. पगारदारांना फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र लागते. शेतकरी, मजूर, छोटे दुकानदार यांना तलाठ्यांचा चौकशी अहवाल लागतो. (२०२४ पासून तलाठ्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. अर्जात नवे नाव दिसले तर गोंधळू नका.) नॉन क्रिमीलेयरसाठी मागच्या तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्न दाखवावे लागते, म्हणून दाखला एकाऐवजी तीन वर्षांचाच मागा, एक हेलपाटा वाचतो.

आठ लाखांचा आकडा नॉन क्रिमीलेयरला आणि ईडब्ल्यूएसला दोन्हीकडे आहे, पण मोजण्याची रीत सारखी नाही. क्रिमीलेयरच्या १९९३ च्या मूळ केंद्रीय निकषांत आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न या मर्यादेत मिळवत नाहीत. पगारदारांच्या बाबतीत ते कोणत्या गटाच्या पदावर आहेत हे वेगळे पाहतात. ईडब्ल्यूएसमध्ये पगार, शेती, धंदा सगळे धरतात. ‘पगार नऊ लाख, म्हणजे आपल्याला मिळणार नाही’ असे स्वतःच ठरवून अर्जच न करणारे पालक पाहिले की वाईट वाटते. अर्ज करा, पदाची माहिती द्या आणि निर्णय कार्यालयाला घेऊ द्या.

अर्ज भरताना

आपले सरकार संकेतस्थळावर फोटो १६० पिक्सेल रुंद आणि ५ ते २० केबीचा लागतो. कागदांना जशी कमाल मर्यादा आहे तशी किमानही आहे, ७५ केबीच्या खालचा कागद चढत नाही. मोबाइलने काढलेला तिरका, सावली पडलेला फोटो चढला तरी पलीकडे वाचता येत नाही आणि अर्ज परत येतो. टेबलावर, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा स्कॅन करा.

शपथपत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा असे कोणी म्हटले तर शांतपणे विचारा, कोणत्या नियमाने? जात, उत्पन्न, अधिवास यांसारख्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि २०१५ पासून बऱ्याच कामांना साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र व स्वसाक्षांकित प्रती चालतात. शुल्काचा फलक केंद्रात लावलेला असला पाहिजे. त्याप्रमाणेच पैसे द्या आणि पावती घ्या.

पावती हातात आहे, दाखला नाही

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा सामान्य माणसाच्या हातातला फार चांगला कायदा आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही याची मला खंत आहे. या कायद्याखाली अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे. उत्पन्न आणि अधिवासाला १५ दिवस, नॉन क्रिमीलेयरला २१ दिवस. अर्ज फेटाळायचा असेल तर कारण लेखी द्यावे लागते. ‘साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ हे कारण नाही.

मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. ते त्याच विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाते. तिथे समाधान झाले नाही तर पुन्हा ३० दिवसांत दुसरे अपील, आणि त्यानंतर ६० दिवसांत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे. पुरेसे कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील आपले सरकार संकेतस्थळावरूनच, त्याच खात्यातून होते. भाषा साधी ठेवा. मी मुलांना असे लिहून देतो:

‘मी दिनांक अमुक रोजी उत्पन्न प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. अर्ज क्रमांक अमुक. सेवेची मुदत दिनांक अमुक रोजी संपली. अद्याप प्रमाणपत्र मिळालेले नाही आणि नामंजुरीचे लेखी कारणही कळवलेले नाही. प्रवेशासाठी मूळ प्रमाणपत्र सादर करण्याची अंतिम तारीख अमुक आहे, माहिती पुस्तिकेचे संबंधित पान जोडले आहे. कृपया त्यापूर्वी प्रमाणपत्र मिळावे.’

कोणावर आरोप नाही, आवाज चढवणे नाही. अर्ज क्रमांक आणि दोन तारखा पुरेशा असतात. अपील नोंदले की अनेकदा सुनावणीआधीच दाखला निघतो. पण टेबलापलीकडच्या माणसावरही जूनमध्ये शेकडो अर्जांचा ढीग असतो हे ध्यानात घ्या. एप्रिलमध्ये गेलात तर अपिलाची वेळच सहसा येत नाही.

केंद्राच्या प्रवेशांना वेगळा नमुना

आयआयटी, एनआयटी किंवा नीटचा अखिल भारतीय कोटा यांसाठी राज्याचे नॉन क्रिमीलेयर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातले ओबीसी-एनसीएल प्रमाणपत्र लागते, तेही त्या वर्षाच्या १ एप्रिलनंतर काढलेले. शिवाय जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात तिथे असतेच असे नाही. ईडब्ल्यूएसचेही तसेच, केंद्राचा नमुना निराळा. जेईई-नीट देणाऱ्या मुलांनी तहसीलला एकाच खेपेत दोन्ही नमुने मागावेत.

फाइल

प्रवेशाच्या वेळी मूळ कागद महाविद्यालयात जमा होऊ शकतात आणि लवकर परत मिळत नाहीत. त्याआधी प्रत्येक मूळ कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा आणि सहा-सात झेरॉक्स काढा. आजोबांचा उतारा, फेरफाराची नक्कल, वंशावळ आणि समितीकडे दिलेल्या संपूर्ण अर्जाची पोच एकत्र एका फाइलमध्ये लावा. फाइलच्या आतल्या बाजूला शाळेचे नाव, रजिस्टरचा अनुक्रमांक आणि पान लिहा.

त्या सुतारांच्या मुलाला बारावीच्या डिसेंबरमध्ये वैधता मिळाली. त्याची धाकटी बहीण तेव्हा नववीत होती. यंदा ती अकरावीला आली. पंधरा-ए साठी आली तेव्हा तिच्या हातात तीच फाइल होती, आणि आजोबांच्या उताऱ्याच्या वर भावाच्या वैधतेची प्रत लावलेली होती.